झाडं तोडून झाल्यावर

सोलापुरात दारूविरुद्ध चाललेली सगळ्यात गाजलेली कुऱ्हाड ८ मे १९३० ला रूपाभवानीच्या देवळाच्या बाजूला चालली. त्याआधी तीनच दिवस गांधीजींना कराडीला अटक झाली होती. गिरणी कामगार काम टाकून रस्त्यावर आले होते. मीठ उचलून कायदा मोडायचा तर सोलापूरला समुद्र नाही. सरकारचं उत्पन्न बुडवायला जवळचं म्हणावं असं एकच होतं, ओढ्याकाठची शिंदीची झाडं. १८७८ च्या अबकारी कायद्यापासून मुंबई इलाख्यात शिंदी छेदून रस काढायला परवाना लागायचा, झाडावर कर भरावा लागायचा. झाड आडवं झालं की सरकारचा पैसा आडवा झाला. शिवाय त्याच वर्षी जानेवारीत गांधीजींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांतली पहिलीच संपूर्ण दारूबंदीची होती.

पुढचं सोलापूरच्या पोरासोरांना पाठ आहे. झाडं तोडणाऱ्यांना पोलिसांनी धरलं, त्यांना सोडा म्हणून जमाव जमला, कलेक्टर नाइट समोर उभा, गोळीबार झाला आणि शंकर शिवदारे हा तरुण पडला. चिडलेल्या लोकांनी मंगळवार पेठेतली पोलीस चौकी पेटवली, त्यात पोलीसही मेले. पुढचे काही दिवस शहरात इंग्रजांचं राज्य नव्हतंच. १२ मे ला मार्शल लॉ आला, तो ३० जूनपर्यंत राहिला. डोक्यावर गांधी टोपी दिसली तरी शिक्षा होती. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना येरवड्याला फाशी दिलं. चार हुतात्मा चौकातून मी रोज जातो. पण या सगळ्याची सुरुवात दारूच्या झाडावरून झाली, ही गोष्ट भाषणात एका वाक्यात उरकली जाते. पूर्वी मलाही ते एक वाक्य पुरत होतं. स्वतः दारू सोडायला बसलो तेव्हापासून पुरत नाही.

मी अक्कलकोट रोडला एका टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. आमचं मूळ तेलंगणातलं, जात पद्मशाली. घरात तेलुगू बोलतो, भांडणं मराठीत करतो. आमचे ताता, म्हणजे आजोबा, जुन्या मिलमध्ये होते. जुनी मिल म्हणजे १८७० च्या दशकात मोरारजी गोकुळदासांनी उभी केलेली सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग. मागून नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू अशा गिरण्या आल्या आणि निजामाच्या मुलखातून, आसपासच्या दुष्काळी तालुक्यांतून माणसं येत राहिली. सोलापूरचा मे महिना ज्याने काढलाय त्याला गिरणीच्या आत काय होत असेल हे सांगायला नको. बाहेर चव्वेचाळीस, आत सूत तुटू नये म्हणून दमट हवा, कानात मागांचा खडखडाट. पाळी सुटली की ताता शिंदीच्या दुकानाकडे वळायचे. तेलुगूत आम्ही त्याला कल्लू म्हणतो. पहाटे उतरवलेला रस गोड असतो, ऊन चढेल तसा आंबतो आणि दुपारनंतर चढायला लागतो. आमच्या घरात कल्लूला कधी कुणी दारूच्या रांगेत बसवलं नाही. म्हातारी माणसं, बायकासुद्धा घ्यायच्या.

ताता गांधीजींच्या बाजूचे, पक्के. आणि शिंदीच्याही बाजूचे, तितकेच पक्के. यात त्यांना काही विसंगत वाटत नसे. अव्वा, म्हणजे आजी, सांगायची की झाडं तोडल्याचं ऐकून ते आधी खूश झाले आणि मग विचारलं, आता संध्याकाळी? तो प्रश्न मला फार प्रामाणिक वाटतो. झाडं तोडणाऱ्यांच्या शौर्याबद्दल माझ्या मनात काडीचाही संशय नाही. पण त्या झाडावर चढणारा छेदकरी, त्याचा धंदा, आणि पाळी सुटल्यावर त्या दुकानापाशी दमून बसणारा माणूस, यांच्याकडे त्या दिवशी कुणी बघितलं नाही. बघायची वेळही नव्हती. अडचण अशी की नंतर वेळ मिळाली तेव्हाही बघितलं नाही.

ती वेळ १९४९ मध्ये आली. मोरारजी देसाई मुंबईचे गृहमंत्री होते. मुंबई राज्याचा दारूबंदी कायदा त्या जूनमध्ये लागू झाला आणि ६ एप्रिल १९५० पासून सगळं राज्य कोरडं, असं जाहीर झालं. योगायोग बघा, मधल्या काळात, ऑगस्ट १९४९ मध्ये, जुनी मिल बंद पडली. हजारो कामगार घरी. जानेवारी १९५० मध्ये दिल्ली सरकारला खास वटहुकूम काढून ती मिल ताब्यात घ्यावी लागली. त्यावरचा खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला आणि वकिलीची पोरं तो अजून अभ्यासतात. म्हणजे एकाच वर्षात सोलापूरच्या माणसाचं काम बंद, दारूही बंद. कायद्याने दारू बंद झाली असती तर हे वाक्य खरं ठरलं असतं. झालं एवढंच की राज्यभर हातभट्टी लागली. ओढ्याकाठचं आंबट कल्लू गेलं आणि नवसागर घातलेलं, ट्यूबमधून वाहून आणलेलं पाणी आलं. पुढे साठीच्या दशकात सरकारनेच कायदा सैल करत नेला, १९७३ मध्ये देशी दारूचे नियम आले, दुकानं आली. कायद्याचं नाव मात्र दारूबंदीचंच राहिलं. आजही महाराष्ट्रात प्यायला परवाना लागतो. बारमध्ये एक दिवसाच्या परवान्याचा कागद कुठेतरी फाडला जातो, तो पिणाऱ्याला कधी दिसत नाही. मी इतकी वर्षं कुणाच्या परवानगीने पीत होतो, कोण जाणे.

मुळेगाव तांड्यावरच्या भट्ट्या तर शहरात सगळ्यांना ठाऊक. दर काही महिन्यांनी पोलीस जायचे, रसायन ओतून द्यायचे, फोटो छापून यायचा. २०२१ मध्ये ग्रामीणच्या पोलीस अधीक्षक तेजस्वी सातपुते यांनी ऑपरेशन परिवर्तन सुरू केलं. त्यात भट्टी फोडण्याबरोबर भट्टी लावणाऱ्याला दुसरा धंदा काय देता येईल, हेही विचारलं गेलं. १९३० च्या छेदकऱ्याला जे विचारायचं राहून गेलं होतं ते एक्याण्णव वर्षांनी कुणीतरी विचारलं. पण तोही प्रश्न विकणाऱ्याचा. पिणाऱ्याचा प्रश्न आमच्याकडे सरकारने नाही, देवाने हाताळला.

सोलापूर जिल्ह्यातच पंढरपूर. इकडे दारू सोडणं म्हणजे डॉक्टर नव्हे, माळ. कुणा महाराजांच्या हातून तुळशीची माळ गळ्यात घालायची, दारू-मटण सोडायचं, एकादशी धरायची, वारी चुकवायची नाही. गावात एखादा फार पीत असेल तर बायको आणि आई मिळून त्याला आषाढीला घेऊन जातात आणि माळकरी करून परत आणतात. माळेची ताकद कमी समजू नये. ज्याच्या गळ्यात ती दिसते त्याला दुकानाच्या दारात उभं राहायची लाज वाटते, आणि मित्रही आग्रह करत नाहीत. ग्लास पुढे करणारा हात माळ बघून मागे जातो, हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि माळ उतरवून खिळ्याला अडकवून गेलेली माणसंही बघितलीत. परत आल्यावर ती माळ घालायची हिंमत त्यांना होत नाही, कारण आता नुसती दारू प्यालेली नसते, देवाला फसवलेलं असतं. आधीच उतरलेल्या मनावर हे ओझं फार होतं.

आमच्या पूर्व भागात, साखर पेठ, दाजी पेठ, कुचन नगरकडे, दुसरी माळ चालते, अय्यप्पाची. कार्तिकात घालायची, एक्केचाळीस दिवसांचं व्रत, काळे कपडे, अनवाणी पाय, आणि मग शबरीमला. ही माळ मीही घातलेली आहे. पहाटे गार पाण्याने अंघोळ, सकाळ-संध्याकाळ पूजा, कुणाच्या तरी घरी भजन आणि सगळ्यांनी पंगतीत बसून जेवण. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे तुम्हाला कुणी नावाने हाक मारत नाही. मालक, शेजारी, पोरं, बायको, सगळे स्वामी म्हणतात. कालपर्यंत ज्याला गल्लीत ‘काय बे’ म्हणायचे, त्याच्या पाया पडतात. त्या दिवसांत मला दारूची आठवण यायची, पण ती चार पावलं लांब उभी असायची. यात देवाचा हात किती ते मला सांगता येणार नाही. इतकं कळतं की ते दिवस मला उठायला ठराविक वेळ होती, संध्याकाळी जायला ठराविक घर होतं आणि माणसं होती. डोंगरावरून उतरलो, माळ काढली, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मी कारखान्यातला हिशेबनीस. आमच्यातले निम्मे स्वामी तर परतीच्या गाडीतच बाटली उघडतात. त्यांना नावं ठेवणं सोपं आहे. बेचाळिसाव्या दिवसाची व्यवस्था व्रतात लिहिलेलीच नाही.

माझी गोची निराळी होती. मी सोडली की मला बरं वाटायचं नाही. सगळे म्हणायचे, बघ आता कसा तजेला येईल चेहऱ्यावर. हात कापायचे थांबायचे, जेवण जायला लागायचं, आणि मग एके दिवशी सकाळी उठूच नये असं वाटायचं. सूर्य वर आलेला, बाहेर माग सुरू झालेले, आणि मी छताकडे बघत पडलेला. जमाखर्चाच्या वहीत आकडे दिसायचे, बेरीज व्हायची नाही. बायको म्हणायची, पिऊन होतात तेव्हा निदान बोलत तरी होतात. तिने हे रागाने नाही, घाबरून म्हटलं होतं. मग मी प्यायचो आणि दोन तास माणसात यायचो. जगाला दिसायचं ते एवढंच, की याने परत सुरू केली.

एका डॉक्टरांनी सांगितलं, आधी दारू बंद करा, मनाचं नंतर बघू. दुसऱ्यांनी मनाच्या गोळ्या दिल्या आणि दारूचं विचारलंच नाही. घरच्यांनी तिसरा उपाय शोधला. एसटी स्टँडच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर ‘पिणाऱ्याला न सांगता दारू सोडवा’ असं रंगवलेलं असतं ना, तो. तसल्या पुड्यांत काय असतं ते पुडीवर लिहिलेलं नसतं. दारूची शिसारी आणणारं खरं औषध आहे, डायसल्फिरम. १९४८ मध्ये कोपनहेगनच्या हाल्ड आणि याकोबसेन या दोघांनी दाखवून दिलं की हे घेऊन कुणी दारू प्याला तर तोंड लाल होतं, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात. पण ते माणसाला सांगून, तपासून, त्याच्या संमतीने द्यायचं. आमटीत चोरून घातलं तर जिवावर बेतू शकतं. आमच्या घरात पुडी आली होती. बायकोच्या हातून ती पडली, मुद्दाम पडली की काय मी आजवर विचारलेलं नाही.

या बाबतीत मराठी माणसाला शिकवलंय ते नाटककार गडकऱ्यांनी. ‘एकच प्याला’ १९१९ चं. त्याचे प्रयोग सोलापुरात किती पिढ्यांनी बघितले असतील. सगळ्यांच्या लक्षात राहतो तो सुधाकरच्या हातातला प्याला आणि त्याच्या बायकोचे, सिंधूचे हाल. पण नाटक नीट बघा. सुधाकर हुशार वकील. भर कोर्टात अपमान होतो, सनद काही काळ रद्द होते, त्या घावाने तो आतून खचतो, आणि त्या क्षणी तळीराम प्याला पुढे करतो. नंतर तो सोडतो, खरंच सोडतो, आणि कामासाठी ओळखीच्यांच्या दारात जातो. दारुड्या म्हणून त्याला कुणी उभं करत नाही. मग तो परत पितो, तो शेवटपर्यंत. गडकऱ्यांनी खचलेलं मन आधी आणि दारू नंतर, असा क्रम लावून ठेवलाय. आम्ही प्रेक्षक मात्र पडदा पडल्यावर फक्त प्याल्याला शिव्या देत घरी गेलो.

मन आणि दारू, दोन्ही गोष्टी एका छताखाली बघायची सुरुवात आपल्याकडे पुण्यात झाली. अनिल अवचटांनी ब्राउन शुगरच्या विळख्यातल्या पोरांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाईंनी देणगी दिली, आणि २९ ऑगस्ट १९८६ ला मुक्तांगण उघडलं. ते चालवलं डॉ. अनिता अवचटांनी. त्या मनोविकारतज्ज्ञ होत्या, येरवड्याच्या मनोरुग्णालयात काम करणाऱ्या, आणि मुक्तांगण सुरू झालं तेही त्याच आवारात. ज्या येरवड्याला सोलापूरचे चौघे फासावर गेले त्याच येरवड्याला पुढे सोलापूरचे पिणारे बरं व्हायला जाऊ लागले, असलं काहीतरी माझ्या डोक्यात येत राहतं. इतिहास वाचणाऱ्याला असले रिकामे उद्योग असतात. महत्त्वाचं ते हे की तिथे सहचरी नावाचा बायकांचा गट आहे, घरी परतल्यावरचा पाठपुरावा आहे, आणि बरे झालेले पेशंटच तिथे पुढे काम करतात. बेचाळिसाव्या दिवसाचा विचार केलेला आहे.

शेवटी मला सोलापुरातच एक बाई डॉक्टर भेटल्या. त्यांनी पहिल्यांदा दोन्ही प्रश्न एका बैठकीत विचारले. त्या म्हणाल्या, दारू स्वतःच मन खाली ओढते. त्यामुळे सोडल्यावर दोन-चार आठवड्यांत पुष्कळांची उदासी आपोआप ओसरते. ज्यांची ओसरत नाही त्यांचा आजार वेगळा असतो आणि त्याला वेगळं औषध लागतं, तुम्ही त्यांतले आहात. हेही म्हणाल्या की रोज पिणाऱ्याने एकदम मनाने बंद करू नये. पहिल्या दोन-तीन दिवसांत झटके येतात, भ्रम होतो, त्यात माणूस जाऊ शकतो. तेव्हा बंद करायचं तेही औषधाच्या आधाराने. भिंतीवर १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा, नंबर लावलेला होता. तो मी वहीच्या पहिल्या पानावर, जिथे ‘श्री’ लिहितो त्याच्या खाली, उतरवून घेतला. रात्री एकदा लावलाही. पलीकडचा मुलगा मराठीत बोलला, घाईत नव्हता.

आता मी गोळ्या घेतो आणि संध्याकाळी मीटिंगला जातो. मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस. १९३५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅक्रन गावी दोन पिणाऱ्यांनी, एक शेअर दलाल आणि एक डॉक्टर, एकमेकांना धरून ही गोष्ट सुरू केली. यातला दलाल, बिल विल्सन, १९३४ च्या डिसेंबरात शेवटचं प्याला आणि मेला तोवर परत प्याला नाही. पण १९४४ पासून पुढे दहा-अकरा वर्षं त्याला जबर नैराश्य होतं. लाखोंना दारू सोडवणारा माणूस कित्येक दिवस टेबलावर डोकं टेकून बसून राहायचा. दारू सुटली आणि मन तरीही बुडालेलंच, हे स्वतः संस्थापकाचं झालं होतं. हे वाचलं त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं की माझ्यात काही खोट नाही, हा आजाराचा नेहमीचा रस्ता आहे.

आमच्या मीटिंगमध्ये एक जुने मेंबर आहेत, नरसिंग गिरजी मिल बंद पडल्यावर पिणं वाढलेले आणि आता कित्येक वर्षं कोरडे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. माझ्या खिशातली गोळ्यांची पट्टी त्यांनी बघितली.

“हे काय बे? गोळ्या खायलास? मग सोडलास काय? ही पण दारूच की, वाळवलेली.”

मी म्हटलं, “अण्णा, तुमची शुगरची गोळी कुठंय?”

“ती वेगळी.”

“काय वेगळी?”

अण्णांनी उत्तर दिलं नाही. संस्थेचंच एक पत्रक आहे, त्यात लिहिलंय की कुठल्याही मेंबरने दुसऱ्याचा डॉक्टर होऊ नये. ते त्यांना दाखवलं. चष्मा नाही म्हणाले. पुढच्या मीटिंगला चष्मा आणला, वाचलं, आणि म्हणाले, हे इंग्रजीतून केलेलं मराठी आहे, तिथल्या लोकांचं तिथं ठीक. वाद अजून चालू आहे. मीटिंग संपली की ते मला त्यांच्या स्कूटरवरून अशोक चौकापर्यंत सोडतात आणि तेवढ्या वाटेत तोच विषय काढतात. मागच्या आठवड्यात मात्र उतरताना विचारलं, ती डॉक्टरीण कधी बसते, फी किती घेते. माझ्या पुतण्यासाठी पाहिजे, म्हणाले. अण्णांना पुतण्या नाही.